दाराला बाहेरून कुलूप

माझ्याकडे माणूस पहिल्यांदा येतो तेव्हा आम्ही दोघंही एकमेकांकडे संशयाने बघत असतो. त्याला वाटत असतं, ही बाई मणक्यात सुई घालणार आणि माझे पाय जाणार. मला वाटत असतं, हा सांगतोय ते खरं आहे का?

मोडलेलं हाड एक्स-रेत दिसतं, ताप थर्मामीटरवर दिसतो. दुखणं कुठेच दिसत नाही. त्याला पुरावा एकच, दुखणाऱ्याचा शब्द. एमआरआयवर मणका पार झिजलेला असतो आणि त्याचा मालक मजेत भात लावत असतो. दुसऱ्याचा मणका पोथीतल्या चित्रासारखा सुबक, आणि त्याला चपलेत पाय घालायला वाकता येत नाही. त्यामुळे फोटो बघून खरंखोटं ठरवायची सोय नाही. डोळ्यांकडे बघायचं, चालण्याकडे बघायचं आणि विचारलेलाच प्रश्न पुन्हा वेगळ्या शब्दांत विचारायचा. अलिबागला इतकी वर्षं हेच करत आले. आमच्या आळीत माझ्या पाठीमागे मला ‘सुईवाल्या बाई’ म्हणतात, हे मला ठाऊक आहे.

मुळात मी भूलतज्ज्ञ. ऑपरेशन झालं की लोक सर्जनला पेढे देतात. भूल देणारी बाई कोण होती हे कुणाला आठवतही नाही, आणि आठवू नये अशीच तिची कामगिरी असते. पण बरे होऊन गेलेले काही पेशंट परत यायचे. जखम भरलेली, टाके निघालेले, दुखणं तिथंच. सर्जन सांगायचे, “सगळं नॉर्मल आहे.” म्हणजे काय, तर आता तक्रार करू नका. चाळिशी उलटल्यावर मी मुंबईला जाऊन पुन्हा विद्यार्थिनी झाले आणि दुखण्याचंच शास्त्र शिकले. साधं सांगायचं तर, दुखणं मेंदूकडे नेणाऱ्या नसा असतात. हलता एक्स-रे समोर ठेवून, बारीक सुईने, संशय असलेल्या नसेपाशी बधिर करायचं औषध सोडायचं. दुखणं थांबलं तर ती नस सापडली. मग तिला सुईच्या टोकाने जरा शेकायचं, की ती बरेच दिवस गप्प बसते. नाही थांबलं तर दुसरी नस बघायची.

फसवणारेही येतात. एका गोदामाचा वॉचमन उभं राहण्याच्या ड्यूटीतून सुटायचं म्हणून सर्टिफिकेट मागायला आला. येताना डावा पाय ओढत आला, जाताना उजवा. मी म्हटलं, “काका, पाय बदलला.” तो जराही ओशाळला नाही. म्हणाला, “मॅडम, तो दमला.” असल्या माणसांवर रागावता येत नाही. पण त्यांच्यामुळे खऱ्या दुखणेकऱ्याकडेही तिरक्या नजरेने बघायची सवय लागते, आणि ती सवय माझ्यापेक्षा त्यांच्या घरच्यांना आधी लागलेली असते.

दर्शना आली त्या दिवशी मात्र माझा संशय तिच्यावर नव्हता. तिच्या नवऱ्यावर होता.

उरणच्या बाजूच्या एका आगरी गावातली ती सून. पंचविशीच्या आसपासची. करंजाहून लाँचने रेवसला आणि तिथून सहा आसनी रिक्षाने अलिबागला आलेली. ऐन उकाड्यात तिने सबंध तोंडाला ओढणी गुंडाळली होती. नुसते डोळे दिसत होते. बरोबर नवरा, जितेश. कंटेनर यार्डात ट्रेलर चालवणारा, रुंद खांद्यांचा, सारखा दाराकडे बघणारा. मी तिला ओढणी काढायला सांगितली तर ती त्याच्याकडे बघायला लागली. त्याने मान हलवल्यावर तिने ती हळूहळू, जणू खाली काचेचं भांडं आहे अशी उलगडली. उजव्या गालावर काळा डाग होता. आणि हात खाली घेताना बांगड्यांच्या वर, मनगटावर, बोटांचे वळ दिसले.

“काय होतंय?” मी तिला विचारलं.

“दाढेत दुखतं,” तो म्हणाला. “उरणला दाढ काढली, तरी दुखतं. मग दुसरी काढली.”

“मी तिला विचारतेय.”

“तिला बोलायला त्रास होतो.”

“आणि हा डाग?”

“आईने बिब्बा लावला, मॅडम. शेक बसावा म्हणून.”

उत्तरं फार पटापट येत होती. मी म्हटलं, “तुम्ही जरा बाहेर बसा.”

“नाही,” तो म्हणाला.

आवाज चढवून नव्हे, साधंच. माझ्या खोलीत बसून मला इतकं सरळ ‘नाही’ म्हणणारा नवरा मी तोवर बघितला नव्हता. मी मेघा सिस्टरला खूण केली. मेघा माझ्याकडे पहिल्यापासून आहे. माझी भुवई तिला वाचता येते. “जुन्या फिल्म एक्स-रेच्या खोलीत लावून बघायच्या आहेत, नातेवाइकांनी यावं लागतं,” असं काहीतरी सांगून तिने त्याला उठवलं. जाताजाता तो मागे वळून म्हणाला, “तिच्याजवळ कुणीतरी थांबा.”

दार लागल्यावर मी खुर्ची तिच्यासमोर ओढली. “तो मारतो का तुला?”

तिची मान जराशी हलली, पण हो की नाही ते कळेना. डोळ्यांतून पाणी मात्र वाहायला लागलं, आणि ते पुसायला तिचा हात गालापर्यंत जाऊन तिथेच थांबला. मग ओठ हलले न हलले अशा आवाजात ती म्हणाली, “ड्यूटीला जाताना बाहेरून कुलूप लावतात.”

तेवढ्यात जितेशने दार ढकललं. व्हरांड्यातला वारा आत आला आणि दर्शना थिजली. टेबलाची कड धरली, डोळे मिटले, श्वास अडकला. ओरडली नाही. उजव्या गालाचा स्नायू आपोआप थरथरत होता. थोड्या वेळाने जसं आलं तसं ते गेलं आणि ती घामाने डबडबून खुर्चीत मागे टेकली.

हे सोंग नव्हतं. सोंग घेणारे विव्हळतात. हे दुखणं असलेले दगड होतात. चेहऱ्याची संवेदना नेणारी एक जाड नस असते. मेंदूतून निघते तिथेच कधी एखादी रक्तवाहिनी तिला घासत राहते, आणि मग दात घासणं, घास चावणं, एखादा शब्द बोलणं, गालाला नुसता वारा लागणं, एवढ्यानेही विजेचा झटका बसतो. दुखतं दाढेत, म्हणून दाढा काढल्या जातात, चांगल्या असूनही. दर्शना बोलत नव्हती ती भीतीने की दुखेल म्हणून, हे मला सांगता येईना. आणि खाडी ओलांडताना लाँचवरच्या वाऱ्यात तिने काय सोसलं असेल, या विचाराने माझ्याच अंगावर काटा आला.

दुखणं खरं होतं. पण वळही खरे होते, आणि कुलूपही.

मी तिला तपासण्यांचं निमित्त सांगून ठेवून घेतलं. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना राहता येत नाही, हे जितेशला मी मुद्दाम स्वतः सांगितलं. तो वाद घालायला लागला. हॉस्पिटलच्या वॉचमनने त्याला बाहेर काढलं तर तो फाटकाजवळच्या पायरीवर जाऊन बसला. मेघा माझ्याकडे येऊन म्हणाली, “मॅडम, तो म्हणतोय तिला न्हाणीघराची आतून कडी लावू देऊ नका. काय माणूस आहे!”

अलिबागमध्ये बायकांच्या तक्रारी बघणाऱ्या एक ताई आहेत. त्यांना मी फोन केला. त्या म्हणाल्या, “नवऱ्याला लांब ठेवा आणि मुलीला बोलतं करा. मी उद्या दुपारी येते, गरज पडली तर आपण पोलिसांत जाऊ.” माझं मन झालंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या लाँचने सासू आली. हिराबाई. नऊवारी, डोक्यात अबोलीचा गजरा, हातात पेजेचा डबा. वॉर्डात शिरण्याआधीच मी तिला बाजूला घेतलं. आमच्याकडच्या आगरी बायका डॉक्टरलाही ‘तू’ म्हणतात. मला ते बरं वाटतं. त्यात कसलाही आडपडदा नसतो.

“तुमचा मुलगा सुनेला कोंडून ठेवतो?” मी विचारलं.

“व्हय, कोंडतो,” ती म्हणाली. “मी बी दिसभर भायेर कामाला. चावी माजे कंबरंला असते.”

तिच्या तोंडावर लाज नव्हती. मला चीड आली. “आणि मारतो?”

तिने इकडेतिकडे बघितलं, मला आणखी कोपऱ्यात नेलं. “डॉक्टरीनबाय, कुनाला बोलू नको. ही मिठागराचे बांधावर गेलती. एकटी. यो ड्यूटीवरशी येत व्हता, यानं लांबशी बघली. खाडीचे पान्यान उतरलेली. धावत जाऊन हाताला धरून वडली. तेचेच वल हायेत. तवापासून कुलूप लावतो.”

मी तिच्या हातातला डबा घेऊन बाकावर ठेवला.

“पोलिसांना बोलला न्हाय. तिचे मायबापांना बोलला न्हाय. गावान सांगला, आमचा भांडन झाला. लोकं बोलतात, जितेश बायकोला मारतो. बोलू दे, बोलला. तिला येडी बोलतील, त्यापेक्षा मना वायट बोलू दे.” तिने पदराने डोळे पुसले. “मना बी पयलं नाटकच वाटलं. कामाचा कंटाला, म्हनून तोंड धरून बसते. मी बोललेय तिला, नको ते. बिब्बा बी मीच लावला. पन ती पान्यान गेली, तवा कललं. नाटक करनारी पान्यान जात न्हाय.”

मी अर्धवटच विश्वास ठेवला. मुलाला वाचवायला आया किती चांगल्या गोष्टी रचतात, हे मी पुष्कळदा ऐकलेलं आहे. आत जाऊन दर्शनाच्या खाटेजवळ बसले. पंखा बंद केला, खिडकी लावून घेतली. सासू काय म्हणाली ते तिला जसंच्या तसं सांगितलं आणि विचारलं, “हे खरं आहे?”

ती थांबत थांबत, एकेक शब्द जपून बोलली. “खरं आहे. पण मी मरायला नव्हते गेले. दुखणं थांबवायला गेले होते.”

“आणि कुलूप?”

“कुलूप लावलं की आत मी आणि दुखणं, दोघंच राहतो.”

मी जितेशवर संशय घेतला याचं मला वाईट वाटत नाही. तसेच वळ पुन्हा दिसले तर मी पुन्हा तोच संशय घेईन, आणि तशा वेळी तो बहुतेकदा बरोबर निघतो, हे दुर्दैवाने मला माहीत आहे. त्या ताई दुपारी आल्या, दर्शनाशी स्वतंत्र बोलल्या, जाताना मला म्हणाल्या, “या घरात मारहाण नाही. भीती आहे.”

जितेशला आत बोलावलं. पायरीवर भिंतीला टेकून बसल्याने त्याच्या शर्टाची पाठ चुन्याने पांढरी झाली होती. मी म्हटलं, “काल हे सगळं मला का नाही सांगितलंत?”

“तिच्यासमोर कसं सांगू? आणि तुम्ही मला बाहेर काढायच्या मागे.” मग म्हणाला, “तुम्ही पोलिसांना सांगितलं असतंत.”

“कुलूप काढावं लागेल.”

“काढतो. मी यार्डात ट्रेलरवर असताना ती परत गेली, तर तुम्ही याल बांधावर?”

अलिबागच्याच एका मनोविकारतज्ज्ञ बाईंना मी त्याच दिवशी बोलावून घेतलं, त्यांचे उपचार सुरू झाले. पण त्याही म्हणाल्या, आधी दुखणं थांबवा. गोळ्यांनी ते थांबत नव्हतं. डोस वाढवला की दर्शना चक्कर येऊन पडायची. डोक्याचं मोठं ऑपरेशन हा एक उपाय होता. त्याला ती आणि घरचे दोघंही तयार नव्हते. राहिली माझी सुई.

गालातून सुई घालून कवटीच्या तळाशी एक लंबगोल भोक असतं तिथवर न्यायची, आत त्या नसेचं जाळं असतं, आणि त्यातला नेमका दुखरा धागा शेकायचा. मी सगळं सांगितलं. गाल बधिर होईल. डोळ्याला जपावं लागेल. आणि काही वर्षांनी दुखणं परत येऊ शकतं.

“म्हणजे दुखणं जाणार आणि गालही जाणार?” जितेशने संशयाने विचारलं. “आणि दुखणं परत येणार?”

“जाऊ दे गाल,” दर्शना म्हणाली.

या कामातली एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. सुई घालताना पेशंटला थोडी गुंगी देतात, पण सुई जागेवर पोचली की त्याला जागं करावं लागतं. मग सुईतून अगदी मंद करंट सोडायचा आणि विचारायचं, मुंग्या कुठे येतात? कपाळात म्हणाला तर सुई चुकली, तिथे शेकलं तर डोळा जाईल. जबड्यात म्हणाला तर वेगळं. पडद्यावर मला सुई दिसते, नस दिसत नाही. त्या क्षणी माझ्याकडे फक्त टेबलावर पडलेल्या माणसाचा शब्द असतो. वर्षभर जिला सासूने, दंतवैद्याने, शेजारणींनी खोटं ठरवलं होतं, तिच्या शब्दावर मी सुई हलवणार होते.

“दर्शना, कुठे?”

“डोळ्याच्या खाली.”

मी सुई जरा हलवली. “आता?”

“नाकाच्या बाजूला. वरच्या ओठात.”

“नक्की?”

ती गुंगीतच होती, पण वैतागली. “मला माहीत आहे हो माझं दुखणं कुठंय.”

पुन्हा गुंगी देऊन मी ती जागा शेकली. हात स्थिर होते. पाठ मात्र घामाने ओली झाली होती, हे एप्रन काढताना कळलं.

संध्याकाळी मी वॉर्डात गेले तेव्हा हिराबाई सुनेच्या गालावर हळूच फुंकर मारून बघत होती. एकदा, पुन्हा एकदा. दर्शना हसत होती. “कळतच नाही,” ती म्हणाली. “फुंकर मारतायत हे दिसतं, पण कळत नाही.” मग तिने खोबऱ्याचा तुकडा मागितला आणि उजव्या बाजूने चावून खाल्ला. दारात उभा असलेला जितेश खोलीकडे पाठ करून व्हरांड्यात निघून गेला.

ते घरी निघाले तेव्हा मी जितेशला कुलपाची आठवण करून दिली. तो म्हणाला, “बघतो.” आपल्याकडे ‘बघतो’ म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. पुढच्या तपासणीला दर्शनाने सांगितलं, कुलूप अजून आहे. त्यापुढच्या वेळीही होतं. गौरी-गणपतीला घर पाहुण्यांनी भरलं, भरल्या घराला बाहेरून कुलूप लावणार कसं, म्हणून ते निघालं आणि मग तसंच राहिलं. कुणी तसं ठरवलं नाही, कुणी तिला तसं सांगितलंही नाही. वर्षातून एकदा दोघं येऊन दाखवून जायची. त्यांना मुलगी झाली. मी निर्धास्त झाले.

गेल्या वर्षी, पावसाळा संपता संपता, ती एकटीच आली. तोंडाला ओढणी नव्हती, पण उजवा गाल पंख्याच्या वाऱ्यापासून वळवून ती बसली आणि मला कळलं.

“केव्हापासून?”

“थोडंच आहे. दात घासताना. एखादेवेळी.” मग घाईने म्हणाली, “आजच करून टाका मॅडम. घरी सांगितलंय, रेवदंड्याला मावशीकडे जाते. त्यांना कळायच्या आत.”

“बरोबर कुणी असल्याशिवाय मी करणार नाही. आणि लपवणार का?”

“कळलं की परत कुलूप.” ती माझ्याकडे रोखून बघत होती. “तुम्ही त्यांना सांगणार नाही ना?”

मला आधी दुसरंच विचारायचं होतं आणि मी ते सरळ विचारलं. बांधावर जायचा विचार परत येतो का? ती म्हणाली, नाही. मी तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारला. ती म्हणाली, “तुम्ही मला तपासताय. नाही येत. आता माहीत आहे की हे थांबतं. तेव्हा माहीत नव्हतं.”

मी म्हटलं, “मी सांगणार नाही. तू सांग.”

बाहेर पेशंट खोळंबले होते, मेघा दोनदा डोकावून गेली. शेवटी तिने फोन काढला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला. पलीकडे यार्डातले हॉर्न, मागे येणाऱ्या ट्रेलरची पी-पी.

“मी अलिबागला आहे. मॅडमकडे.”

पी-पी चालूच राहिली. मग जितेशचा आवाज आला. “दुखतंय?”

“थोडं.”

“कधीपासून लपवतेस?”

तिने उलट विचारलं, “कुलूप लावणार?”

पलीकडची पी-पी थांबली. “नाय,” तो म्हणाला. “तिथेच थांब. गाडी लावून येतो.”

तिने फोन बंद केला आणि मला विचारलं, “खरं बोलत असतील?”

जन्मभर खरंखोटं ओळखायचा धंदा केलेल्या बाईला हा प्रश्न. मी म्हटलं, “आवाजावरून मी काही सांगू शकत नाही. तुला काय वाटतं?”

“मला नाही खात्री,” ती म्हणाली. “पण येऊ देत.”

तो आला. यार्डातलं चमकणारं जाकीटही काढलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सुई घातली, तिने पुन्हा मला जागा सांगितली, आणि दुखणं पुन्हा गेलं. किती वर्षांसाठी, ते मी त्यांना सांगितलं नाही, कारण मलाच माहीत नाही.

आठवड्याभराने भर दुपारी तिचा फोन आला. गालाबद्दल, डोळ्यात घालायच्या थेंबांबद्दल बोलून झालं. मग मी विचारलं, “दार?”

“उघडं आहे. उंबऱ्यावर बसूनच बोलतेय.” मागे तिच्या मुलीचा आणि कोंबड्यांचा एकच गोंधळ चालला होता. “पण दर तासाला फोन करतात. मीठ कुठंय, चावी कुठंय, उगाच काहीतरी विचारतात. मीठ कशाला लागतंय हो ट्रेलरवर? त्यांचा संशय काही गेला नाही अजून.”

“जाईल हळूहळू,” मी म्हटलं.

“माझा तरी कुठं गेलाय?” दर्शना म्हणाली आणि मोठ्याने हसली. “थांबा मॅडम, त्यांचाच येतोय,” म्हणून तिने माझा फोन ठेवला.